आपला उमेदवार : कोठे उभा करावा, कोठे करू नये



लोकसभेची निवडणूक जवळ आली म्हणजे आपल्या वस्त्यांतून एकच प्रश्न घरोघर ऐकू येतो. आपल्या पक्षाचा माणूस उभा आहे, पण तो निवडून येण्याचा संभव नाही. अशा वेळी मत त्याला द्यावे, की निवडून येऊ शकेल अशा दुसऱ्या पक्षाच्या माणसाला द्यावे? त्याच्या मागोमाग दुसरा, त्याहून मोठा प्रश्न येतो. जो पक्ष लहान आहे, ज्याच्यापाशी पैसा नाही, वर्तमानपत्रे नाहीत, मोटारी नाहीत, त्याने देशाच्या निवडणुकीत स्वतःचे उमेदवार उभे करावेत की नाही? या दुसऱ्या प्रश्नाचा विचार मी आज तुमच्यापुढे मांडणार आहे, कारण त्याचे उत्तर मिळाल्यावाचून पहिल्याचे मिळत नाही.

तुमच्यापैकी पुष्कळ कुटुंबांनी नुकतीच धम्मदीक्षा घेतलेली आहे. त्यांतील काहींना असे सांगण्यात आले आहे की, दीक्षा घेतली म्हणजे अमुक एका पक्षाला मत देणे हे ओघानेच आले. हा समज आधी दूर केला पाहिजे. बावीस प्रतिज्ञा तुम्ही स्वमुखाने उच्चारल्या आहेत. त्यांत मतदानाविषयी एक अक्षरही नाही. तथागतांनी आपले स्वतःचे वचनदेखील पारखून घ्या असे सांगितले. मग एखाद्या पुढाऱ्याचे वचन, मग तो पुढारी आपल्यातला का असेना, न पारखता स्वीकारण्याचे बंधन तुमच्यावर कोण घालू शकतो? भगिनींना माझे आणखी एक सांगणे आहे. घरात एक मत ठरले म्हणजे ते सगळ्यांचे झाले, ही रीत आपण मागे सोडून आलो आहोत. तुमचे मत तुमचे आहे. ते तुम्हीच ठरवावयाचे आहे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. आपल्या देशातील निवडणुकीचा कायदा असा आहे की, ज्याला इतर प्रत्येकापेक्षा एक मत अधिक पडेल तो निवडून येतो. एकूण मतांपैकी निम्मी मते त्याला मिळालीच पाहिजेत असे नाही, आणि हरलेल्यांना पडलेल्या मतांचा पुढे काही हिशेबही होत नाही. या कायद्यात विखुरलेल्या मतांची काय दशा होते, ते २०१४ साली दिसले. त्या वर्षी बहुजन समाज पक्षाला साऱ्या देशात चार टक्क्यांहून अधिक मते मिळाली, मतांच्या संख्येने तो देशात तिसरा आला, आणि लोकसभेत त्याचा एकही सदस्य गेला नाही. आपल्या महाराष्ट्रात २०११ च्या शिरगणतीप्रमाणे बौद्धांची संख्या सुमारे ६५ लाख, म्हणजे शंभरांत सहासुद्धा नाही. राज्यात लोकसभेच्या ४८ जागा आहेत. केवळ आपल्या मतांवर जिंकता येईल अशी यांतली जागा कोणती, असे कोणी विचारले तर प्रामाणिक उत्तर एकच आहे : एकही नाही.

या हिशेबावरून दोन प्रकारचे लोक दोन उलट निष्कर्ष काढतात. एक म्हणतात, जिंकणे अशक्य आहे, तेव्हा उभेच राहू नका. मोठ्या पक्षाच्या मागे जा आणि जे पदरात पडेल ते घ्या. दुसरे म्हणतात, जिंकणे अशक्य आहे, तेव्हा सर्वत्र उभे राहा. आपली ताकद तरी दिसेल. माझ्या मते हे दोन्ही निष्कर्ष चुकीचे आहेत. माझे हे मत आपल्याच चळवळीच्या इतिहासावरून बनलेले आहे, म्हणून तो इतिहास थोडा उलगडून पाहणे जरूर आहे.

बाबासाहेबांनी १९३६ साली स्वतंत्र मजूर पक्ष काढला आणि १९३७ साली मुंबई प्रांताच्या कायदेमंडळाची निवडणूक लढविली. त्या सभागृहात १७५ जागा होत्या. बाबासाहेबांनी उमेदवार किती उभे केले? अवघे १७. त्यांपैकी बहुतेक सर्व निवडून आले, आणि निवडून आलेल्यांत सर्वसाधारण जागांवरचे उमेदवारही होते. पक्षाच्या नावाकडे लक्ष द्या. तो मजुरांचा पक्ष होता. त्यात कुळांना, गिरणी कामगारांना, अस्पृश्य नसलेल्या कष्टकऱ्यालाही जागा होती. दहा जागांपैकी नऊ जागा सोडून देऊन उरलेली एक निवडणे, आणि त्या एका जागेवर आपल्याशिवाय दुसऱ्यांचीही मते मिळतील अशी तजवीज ठेवणे, हे बाबासाहेबांचे पहिल्या निवडणुकीतले धोरण होते. आज त्यांच्या नावाने भाषणे करणारे पुष्कळ आहेत, पण या सतरा आकड्याचा उल्लेख क्वचितच कोणी करतो.

पुढे १९४२ साली नागपूरला शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना झाली. १९४६ च्या प्रांतिक निवडणुकांत फेडरेशनचा जबर पराभव झाला. पुणे कराराने जागा राखीव ठेवल्या होत्या, पण त्या जागांवरचा माणूस अखेर निवडणारे मतदार बहुसंख्येने दुसरे होते. आपल्या मतदारांनी ज्याला पुढे आणावे त्याला इतरांनी पाडावे, असा तो प्रकार होता. सबंध देशात फेडरेशनच्या पदरी अवघ्या २ जागा आल्या. त्यांतली एक बंगालमध्ये जोगेंद्रनाथ मंडल यांची होती. बाबासाहेबांना घटना समितीत जाण्याचे इतर मार्ग बंद झाले, तेव्हा मंडल यांच्या खटपटीने आणि बंगालच्या काही अस्पृश्य सदस्यांच्या पाठिंब्याने ते तेथून निवडून गेले. बंगालमध्ये फेडरेशनने उमेदवारच उभा केला नसता तर काय झाले असते, याचा विचार ज्याचा त्याने करावा. एका जागेचे मोल केव्हा किती होईल हे सांगता येत नाही. म्हणून ‘लहान पक्षाने उभेच राहू नये’ हा उपदेश मला मान्य नाही.

स्वतंत्र भारताची पहिली निवडणूक १९५१-५२ साली झाली. फेडरेशनने लोकसभेसाठी ३५ उमेदवार उभे केले आणि २ निवडून आले. खुद्द बाबासाहेब मुंबई उत्तर मतदारसंघात उभे होते. त्या काळी काही मतदारसंघांतून दोन सदस्य निवडावयाचे असत, एक सर्वसाधारण आणि एक राखीव. प्रत्येक मतदाराला दोन मते असत, परंतु दोन्ही मते एकाच उमेदवाराला देता येत नसत. फेडरेशनचा समाजवादी पक्षाशी समझोता झाला होता. राखीव जागेसाठी बाबासाहेब आणि सर्वसाधारण जागेसाठी अशोक मेहता, अशी जोडी होती. निकाल लागला तेव्हा काँग्रेसचे नारायण काजरोळकर यांना १,३८,१३७ मते आणि बाबासाहेबांना १,२३,५७६ मते पडली. ज्यांनी देशाला घटना दिली त्यांना साडेचौदा हजार मते कमी पडली, आणि समाजवादी उमेदवारही हरला.

१९५४ साली भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत हीच जोडी पुन्हा उभी राहिली. या वेळचा निकाल अधिक शिकविणारा आहे. अशोक मेहता निवडून आले आणि बाबासाहेब सुमारे आठ हजार मतांनी पराभूत झाले. एकाच मतदारसंघात, एकाच समझोत्यातला एक भागीदार तरला आणि दुसरा बुडाला. याचा अर्थ काय? आपल्या लोकांची मते भागीदाराला जितकी पोचली तितकी भागीदाराची मते आपल्याला पोचली नाहीत, असाच याचा अर्थ मला दिसतो. दोन पक्षांचे पुढारी एका मंचावर बसतात, हार घालून घेतात, एकमेकांची स्तुती करतात. परंतु खेड्यातला मतदार मतपेटीपाशी एकटाच असतो, आणि तेथे त्याची जात त्याच्या कानात बोलते. समझोता वर होतो आणि मतदान खाली होते. यांच्यामध्ये जे अंतर आहे, ते ज्याने मोजले नाही त्याने समझोत्याच्या गोष्टी करू नयेत.

आणि तरीही १९५७ साली ते अंतर तुटले. ही निवडणूक दीक्षासमारंभानंतर पाच-सहा महिन्यांच्या आत झाली. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला दीक्षा झाली, ६ डिसेंबरला बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये मतदान आले. आज तुम्ही जसे नवदीक्षित आहात, तसेच ते मतदार होते. शिवाय पोरके होते. फेडरेशनने देशात लोकसभेसाठी फक्त १९ उमेदवार उभे केले. पहिल्या निवडणुकीपेक्षा ते जवळजवळ निम्मे होते. मतांची टक्केवारीही खाली आली, २.३८ वरून १.६९ झाली. आणि निवडून आले किती? ६. नाशिकहून कर्मवीर दादासाहेब गायकवाड आणि कोपरगावहून बी. सी. कांबळे लोकसभेत गेले ते याच निवडणुकीत.

हे कसे घडले? फेडरेशन संयुक्त महाराष्ट्र समितीत होते. त्या वेळी भाषेचे राज्य हा विषय शेतकऱ्याच्या, कामगाराच्या, ब्राह्मणाच्या आणि बौद्धाच्या, सर्वांच्याच जिव्हाळ्याचा झाला होता. समितीच्या उमेदवाराला मत देणारा मराठा मतदार त्या दिवशी उमेदवाराची जात पाहावयास थांबला नाही. निदान थोडेच थांबले. समझोत्यावर पुढाऱ्यांनी सह्या केल्या म्हणून हे झाले असे मी मानत नाही. मुंबईत गोळीबारात माणसे पडली होती आणि सगळ्यांच्या रागाला एकच दिशा होती, म्हणून झाले.

आता १९६२ चे आकडे ऐका. रिपब्लिकन पक्षाची स्थापना ३ ऑक्टोबर १९५७ ला नागपूरला झाली होती. संयुक्त महाराष्ट्र १९६० साली मिळून गेला होता, आणि त्याबरोबर समितीचे बळही ओसरले होते. पक्षाने देशभर ६८ उमेदवार उभे केले. मते वाढली, २.८३ टक्के झाली. निवडून आले ३, आणि तिघेही उत्तर प्रदेशातून; ज्या महाराष्ट्रात पक्ष जन्मला तेथून एकही नाही. उमेदवार १९ वरून ६८ झाले आणि सदस्य ६ वरून ३ झाले, हा हिशेब आपल्या प्रत्येक कार्यकर्त्याने पाठ करावा.

उत्तर प्रदेशात जे तिघे आले त्यांची गोष्टही डोळ्यांआड करू नये. अलीगढहून बी. पी. मौर्य आले, आणि मुरादाबादहून रिपब्लिकन पक्षाच्या तिकिटावर मुझफ्फर हुसेन आले. तेथे कोणत्याही मोठ्या पक्षाशी करार नव्हता. जाटव आणि मुसलमान मतदार खालीच, मोहल्ल्यामोहल्ल्यांतून एकत्र आले होते. ज्याला आपण आपला उमेदवार म्हणतो तो आपल्याच जातीचा आणि धर्माचा असला पाहिजे, अशी अट तेथल्या रिपब्लिकनांनी घातली नाही. रिपब्लिकन हे नाव त्यांनी आपल्यापेक्षा अधिक अक्षरशः घेतले होते, असे म्हणावेसे वाटते.

येथे एका कायद्याची आठवण करून देतो, कारण नवदीक्षित कुटुंबांच्या मनात त्याविषयी भीती असते. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा माणूस हा हिंदू असला पाहिजे अशी अट होती. १९५६ साली तीत शिखांचा समावेश झाला. बौद्धांचा समावेश व्हावयास १९९० साल उजाडले. म्हणजे दीक्षेनंतर ३४ वर्षे, जो स्वतःला उघडपणे बौद्ध म्हणवील त्याला लोकसभेच्या राखीव जागेवर उभे राहण्याचा हक्क नव्हता. प्रामाणिकपणाची एवढी किंमत दुसऱ्या कोणा नागरिकांनी दिली असेल असे मला वाटत नाही. आज ती अट राहिलेली नाही. मूळची जात अनुसूचित जातींच्या यादीत असलेल्या माणसाने कागदावर बौद्ध असे लिहिले म्हणून त्याचा तो हक्क जात नाही. कोणी तुम्हाला याउलट सांगून धर्माच्या रकान्यात जुने नाव लिहावयास लावीत असेल, तर त्याचे ऐकू नका.

मधल्या काळातील गटबाजीवर मी वेळ घालविणार नाही; तुम्ही ती पाहिली आहे, आणि तिच्यापासून शिकण्यासारखे जे आहे ते एका वाक्याचे आहे. गट चार झाले की मोठ्या पक्षाला एकाशी सौदा करून चौघांची मते मागता येतात. १९७४ च्या जानेवारीत मध्य मुंबईच्या पोटनिवडणुकीत दलित पँथरने बहिष्काराचे हत्यार उपसले आणि काँग्रेसचे रामराव आदिक पडले, कम्युनिस्ट पक्षाच्या रोझा देशपांडे निवडून आल्या. उमेदवार न देताही निकाल फिरविता येतो हे त्यावरून सिद्ध झाले. परंतु ते हत्यार वारंवार चालत नाही. दर वेळी घरी बसणाऱ्या मतदाराची भीती कोणाला वाटत नाही.

१९९८ साली मात्र गट एकत्र आले. काँग्रेसशी समझोता झाला आणि महाराष्ट्रातून चौघे लोकसभेत गेले : अकोल्याहून प्रकाश आंबेडकर, अमरावतीहून रा. सू. गवई, चिमूरहून जोगेंद्र कवाडे आणि मुंबई उत्तर मध्यमधून रामदास आठवले. चौघेही सर्वसाधारण जागांवरून. त्याच लोकसभेत १७ एप्रिल १९९९ रोजी २६९ विरुद्ध २७० अशा एका मताने सरकार कोसळले. ज्या सभागृहात एका मताने राज्य जाते तेथे चार मते म्हणजे काय, हे सांगावयास नको. पण त्याच वर्षी पुन्हा निवडणूक आली तेव्हा एकी टिकली नव्हती, आणि चौघांपैकी दोघेच परत गेले.

‘उभे राहा, हरले तरी उभे राहा’ असे सांगणारे लोक कांशीराम यांचा दाखला देतात. दाखला वजनदार आहे, म्हणून तो नीट पाहू. कांशीराम पुण्यात संरक्षण खात्याच्या प्रयोगशाळेत नोकरीला होते आणि रिपब्लिकन पक्षाची अवस्था त्यांनी जवळून पाहिली होती. १४ एप्रिल १९८४ ला त्यांनी बहुजन समाज पक्ष काढला. पहिली निवडणूक हरावयाची, दुसरीत दुसऱ्याला पाडावयाचे आणि तिसरी जिंकावयाची, असे ते उघड सांगत. ते स्वतः अनेकदा हरले; १९८८ साली अलाहाबादच्या पोटनिवडणुकीत तिसरे आले. आणि २००७ साली त्यांच्या पक्षाने उत्तर प्रदेशात स्वबळावर बहुमत मिळविले. हे सर्व खरे आहे. परंतु दाखला देणारे त्यातला अर्धा भाग सांगत नाहीत. पक्ष काढण्यापूर्वी कांशीराम यांनी सहा वर्षे सरकारी नोकरांची बामसेफ ही संघटना चालविली होती, सायकलवरून गावे पालथी घातली होती. निवडणुकीत हरल्यावर दुसऱ्या दिवशी ते त्याच लोकांत असत. हरणे हा त्यांच्या कामाचा एक भाग होता. आपल्याकडे पुष्कळदा हरणे हाच कामाचा शेवट असतो. आणि त्यांच्या पक्षाचाही पुढचा हिशेब पाहा. २०१९ साली समाजवादी पक्षाशी समझोता करून उत्तर प्रदेशात १० जागा मिळाल्या. २०२४ साली एकट्याने लढून तेथे नऊ टक्क्यांहून अधिक मते मिळाली आणि जागा एकही नाही.

आपल्या राज्यातही गेल्या दोन निवडणुकांत हेच पाहावयास मिळाले. २०१९ साली वंचित बहुजन आघाडी आणि एमआयएम मिळून जवळजवळ सर्व जागांवर उभ्या राहिल्या. वंचितला राज्यात सुमारे सात टक्के मते पडली. त्या मतांत केवळ बौद्ध नव्हते. धनगर, माळी, इतर लहान जाती आणि मुसलमानही होते, आणि ही गोष्ट लहान नव्हे. पण निवडून आला तो एक, औरंगाबादचा एमआयएमचा उमेदवार. लढत चौरंगी होती, एका अपक्षाने पावणेतीन लाखांहून अधिक मते घेतली होती, आणि विजय साडेचार हजारांच्या आतला होता. नांदेडमध्ये काँग्रेसचे अशोक चव्हाण सुमारे ४० हजार मतांनी पडले आणि वंचितच्या उमेदवाराला १ लाख ६६ हजारांवर मते होती. तेव्हापासून ‘मते फोडली’ हा आरोप आपल्या कानीकपाळी ओरडला जात आहे.

हा आरोप मी जसाच्या तसा मान्य करीत नाही. वंचितला पडलेले मत, वंचित नसती तर काँग्रेसलाच पडले असते, हे गृहीत कोणी सिद्ध केले आहे? मत हे कोणा पक्षाची वडिलोपार्जित जमीन नव्हे की दुसऱ्याने त्यात नांगर घातला म्हणून फिर्याद करावी. २०२४ साली मुंबई उत्तर पश्चिम मतदारसंघाचा निकाल अवघ्या ४८ मतांनी लागला. वंचितच्या उमेदवाराला तेथे दहा हजारांच्या आसपास मते होती, पण ‘यांपैकी कोणीही नाही’ या बटणाला पंधरा हजारांवर होती. त्या बटणावर मते फोडल्याचा आरोप कोणी केला नाही.

आरोप खोटा असला म्हणून धोरण बरोबर होते असे मात्र ठरत नाही. २०१९ ची सात टक्के मते २०२४ साली तीन टक्क्यांच्या आत आली. मतदार कोठे गेला? घटनेला धोका आहे असे त्याला वाटले, आणि जो उमेदवार दुसऱ्याला हरवू शकेल असे दिसले त्याला त्याने मत दिले. त्याला गद्दार म्हणणारी भाषणे मी ऐकली आहेत. ती मला अत्यंत अनुचित वाटतात. त्याने विचार केला, आणि विचार करा असेच तर आपण त्याला शिकविले आहे. अकोल्यासारख्या जिल्ह्यात, जेथे जिल्हा परिषदेपासून वर्षानुवर्षांचे काम आहे आणि जेथे प्रकाश आंबेडकर यांना २०२४ मध्येही पावणेतीन लाखांहून अधिक मते पडली, तेथे उमेदवार देणे हे सयुक्तिक आहे. तेथेही तिरंगी लढतीत जागा हाती लागत नाही हा भाग वेगळा, आणि तो समझोत्याच्या वेळी दोन्ही बाजूंनी विचारात घेण्याजोगा आहे. पण ज्या जिल्ह्यात पक्षाची तालुका शाखा कागदावरच आहे, तेथे अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी कोणाला तरी उभा करणे, हे कशाचे धोरण?

खर्चाचाही विचार केला पाहिजे. लोकसभेच्या उमेदवाराला २५,००० रुपये, आणि अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला १२,५०० रुपये अनामत भरावी लागते. वैध मतांच्या एक षष्ठांशाहून अधिक मते न पडल्यास ती जप्त होते. हा पैसा येतो कोठून? पुढाऱ्याच्या खिशातून क्वचितच. तो तुमच्या वर्गणीतून येतो. दुसऱ्या बाजूने हेही खरे की, मते मोजली गेल्याशिवाय पक्षाला मान्यता नाही. एखाद्या राज्यात लोकसभेच्या किंवा विधानसभेच्या निवडणुकीत आठ टक्के मते, किंवा सहा टक्के मते आणि त्यांबरोबर काही जागा, असे निवडणूक आयोगाचे नियम आहेत. मान्यता नसेल तर कायमची निशाणी नाही. दर निवडणुकीला नवी निशाणी मागून घ्यावी लागते आणि म्हाताऱ्या आजीला ती पुन्हा शिकवावी लागते. फेडरेशनचा हत्ती आपल्या वडीलधाऱ्यांना न वाचताही ओळखता येत होता. तो आपल्या हातून गेला आणि पुढे बहुजन समाज पक्षाकडे आला. तेव्हा सर्वत्र लढा म्हणणाऱ्यांच्या बाजूला एवढा आधार आहे हे मी नाकारीत नाही. मात्र २०१९ च्या ज्या लाटेत बहुतेक सर्व जागा लढविल्या, त्या लाटेतही आठ टक्क्यांचा उंबरठा ओलांडता आला नाही.

तेव्हा माझे मत असे आहे. लहान पक्षाने लोकसभेला उमेदवार अवश्य द्यावा, पण थोड्या ठिकाणी द्यावा. आणि ती ठिकाणे निवडणूक जाहीर झाल्यावर नव्हे, दोन वर्षे आधी ठरवावीत. उमेदवार त्या मतदारसंघात राहणारा असावा, किंवा येऊन राहण्यास तयार असावा, आणि हरल्यावर पुढील पाच वर्षे तेथेच सापडला पाहिजे. त्याचे नाव मुंबईतून येऊ नये. तालुक्यातालुक्यांच्या लोकांनी, ज्यात स्त्रिया बसलेल्या आहेत अशा सभेत, ठरवावे. तो बौद्धच असावा असा आग्रह मी धरणार नाही. शंभरांत सहा असणाऱ्यांनी असा आग्रह धरणे म्हणजे दार आतून लावून घेणे आहे.

आणि जेथे आपला उमेदवार नाही तेथे काय? तेथे आपले मत फुकट द्यावयाचे नाही. समझोता लेखी असावा आणि छापून वाटलेला असावा. जागा कोणत्या, हे त्यात असावे, आणि त्या पडणाऱ्या जागा नसाव्यात. मोठे पक्ष लहान पक्षाला बहुधा तीच जागा देतात जी ते स्वतः तीन वेळा हरले आहेत. जागा थोड्या असतील तर कामे लिहून घ्यावीत : शिष्यवृत्तीची थकलेली रक्कम, अनुशेषाच्या नोकऱ्या, अत्याचाराच्या खटल्यांसाठी विशेष न्यायालये, गायरान जमिनी. एवढे करूनही भंडाऱ्याचा अनुभव विसरू नये. भागीदाराच्या कार्यकर्त्यांनी आपल्या उमेदवारासाठी त्यांच्या स्वतःच्या आळीत, त्यांच्या स्वतःच्या भावकीत फिरावे, हे समझोत्यातले मुख्य कलम असले पाहिजे. आपल्या वस्तीत येऊन आपल्याच लोकांपुढे भाषण करण्यासाठी भागीदाराची गरज नाही.

हे सारे पुढाऱ्यांनी करावयाचे आहे, आमच्या हाती काय, असे तुम्ही म्हणाल. तुमच्या हाती एक गोष्ट आज आहे. प्रत्येक निवडणुकीनंतर मतदानकेंद्रवार मतांचे अंतिम निकालपत्रक निघते. त्याला फॉर्म २० म्हणतात, आणि ते राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहावयास मिळते. आपल्या मुलामुलींपैकी जे शिकलेले आहेत त्यांना ते उतरवून घ्यावयास सांगा. आपल्या वस्तीच्या केंद्रावर कोणाला किती मते पडली, शेजारच्या आळीच्या केंद्रावर आपल्या उमेदवाराला किती पडली, आणि ज्या गावांत समझोत्याच्या सभा झाल्या तेथे प्रत्यक्षात काय झाले, हे त्यात आकड्यांनी लिहिलेले आहे. पुढील लोकसभेची निवडणूक मुदतीप्रमाणे २०२९ साली यावयाची आहे. उमेदवारी मागावयास जो कोणी तुमच्या विहारात येईल, त्याच्यापुढे ते पत्रक ठेवा आणि यांतल्या कोणत्या केंद्रावर तो गेल्या वर्षभरात गेला होता, ते त्याला बोटाने दाखवावयास सांगा.